ठसका

वही नवी आणली, दोनशे पानी.
पहिल्या पानावर ठळक लिहिलं : रत्नप्रभा थिएटर, दोंडाईचा.
खाली लिहिलं : स्थापना.
पुढे जागा सोडली.

गिरधर गिरासे म्हणाले, प्लेगनंतर लगेच.
हमीद पिंजारी म्हणाला, काहीतरीच!
माझ्या बापाच्या वरातीत भिंती ओल्या होत्या,
घोडा थांबला तो थांबलाच,
पाठीवर नवरदेव, आणि हा चुना चाटतोय.
घोड्याची साक्ष पेन्सिलीनं लिहून घेतली.

नगरपालिकेत कारकुनानं कपाट उघडलं,
"वाळवी" म्हणाला,
कपाट लावलं.

मग गावाबाहेर पथारीवर गेलो,
जिथं माघात जमीन दिसतच नाही,
नजर पोचेल तिथवर मिरची वाळत पडलेली.
भिला कोळी पोत्यावर बसला होता, जुना हमाल.
म्हणाला, आमचा खेळ शेवटचा.
मॅनेजर वेडूतात्या दारात उभा, हातात केरसुणी,
एकेकाला झाडून आत सोडायचा.
तरी धूळ यायचीच आमच्यासोबत, बिनतिकिटाची.
पहिल्या रिळाला एखादा खोकायचा,
दुसऱ्याला अख्खी रांग.
पडद्यावरची बाई ओठ हलवायची,
ऐकू यायचा आमचाच ठसका.
आणि शेवटी नायकाची आई मेली की सगळ्यांचे डोळे गळायचे,
कोणाचे मिरचीनं, कोणाचे आईनं,
वेडूतात्यानं कधी विचारलं नाही.

मी विचारलं, पहिला रंगीत सिनेमा कोणत्या साली लागला?
भिला म्हणाला, सगळेच रंगीत होते.
कोणता रंग?
लाल.
मी लिहिलं, आणि घरी येऊन खोडलं.

झिपरू ऑपरेटरची बायको कस्तुराबाई
देव्हाऱ्यामागून एक डबा काढते.
आत कार्बनच्या कांड्यांची थोटकं.
पोरांनी ह्याच्यावरच बाराखडी गिरवली, फरशीवर, म्हणते.
नवरा रात्री दोनला घरी यायचा, हात काळे,
आणि जेवताना एकच सांगायचा :
मी इथून पांढरा उजेड सोडतो ना,
तो धुळीत शिरला की लाल होतो बघ,
कुणी फोडणी टाकल्यासारखा.

खोडलेलं पुन्हा लिहिलं. शाईनं.

सोजाबाईकडे तीनदा गेलो.
ती देठं खुडत राहिली, फडकं तोंडावरून काढलं नाही.
चौथ्यांदा म्हणाली,
"आम्ही काय सांगूत भाऊ? आम्ही तर पडदा उलटाच देखा."
बायका पडद्यामागे बसायच्या. निम्मं तिकीट.
अक्षरं उलटी, पण वाचायची कुणाला होती?
राजा डाव्या हातानं तलवार उपसायचा,
नवरी उजव्या खांद्यावर पदर घ्यायची,
आणि पहाटे घराकडे जाताना त्यांना वाटायचं,
मोठ्या लोकांत असंच असेल.
"आम्हना सर्वा राजा डावराच व्हतात," ती म्हणाली,
आणि इतकी हसली की तिला ठसका लागला.

रत्नप्रभा आता मिरचीचं गोदाम आहे.
मालकानं रविवारी अर्धा तास दिला.
आम्ही अकरा जण गेलो, दोघं काठीवर, गिरासे रिक्षातून.
पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत.
हमीद शिंकला. मग भिला. मग सगळेच.
कुणीतरी अंधारातून ओरडलं, "ए, खाली बसा रे!"
आणि खरंच, दोघं-तिघं बसले.

पडदा होता तिथं आता भिंत घातलीय,
चुन्याची, मधोमध ओल आलेली.
सोजाबाई सवयीनं मागच्या दाराकडे निघाली होती.
थांबली. वळली.
पोत्यांमधली वाट काढत
पुढच्या बाजूला आली, पुरुष बसायचे तिथं.
फडकं खाली ओढलं.
कोऱ्या भिंतीकडे बघत राहिली बराच वेळ.

"आठून असं दिखे का?"

कुणालाच बोलता येईना.
वही उघडून मी तेवढंच उतरवलं.
पानात एक बी पडलं होतं मिरचीचं, ते राहू दिलं.